स्टेशन ते स्टँड: एका रविवारची फक्की

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक यांच्यात जेमतेम पाच-सात मिनिटांचं चालणं आहे. नकाशावर पाहिलं तर रेल्वे, एसटी, केएमटी (महापालिकेची शहर बस) आणि रिक्षा यांची सांगड घालायला याहून सोयीची जागा नाही. आम्ही स्टेशनसमोरच्या जागेचा तसा आराखडा केला आणि पक्कं काम सुरू होण्याआधी एक दिवस तो रस्त्यावरच आखून पाहायचं ठरवलं. फक्की (रेघा मारायची पांढरी पूड), दोरी, टेप आणि प्लास्टिकचे कोन, एवढंच साहित्य. दिवस निवडला पौर्णिमेचा रविवार: जोतिबाचा वार, शिवाय नृसिंहवाडीची गर्दी. नोकरदारांची गर्दी त्या दिवशी नसते, ती सोमवारी वेगळी मोजायची होती.

मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी आली आणि पहिल्या दहा मिनिटांत आमच्या तीन गोष्टी मोडल्या.

पहिली पायवाट. आम्ही ती 1.8 मीटर रुंद आखली होती, दोन माणसं बॅगांसकट एकमेकांना ओलांडतील इतकी. पण बसथांब्याला वळसा घालून ती काटकोनात दोनदा वळत होती. माणसं तिरकी निघाली, सरळ रिक्षांच्या मधून. डोक्यावर पोतं किंवा कडेवर पोर असलेला माणूस वळसा घेत नाही, त्याला समोर स्टँड दिसत असतो. तासाभराने तिरक्या वाटेवर सांडलेली फक्की पायांनी पुसली गेली होती, आमच्या वाटेवरची मात्र तशीच पांढरी. मग आम्ही पुसलेला पट्टाच टेपने मोजला आणि नवीन वाट तिथून काढली.

दुसरी केएमटीची बस. 12 मीटरची बस फुटपाथला चिकटून उभी राहायची तर तिला आधी 13 ते 15 मीटर आणि पुढे 9-10 मीटर मोकळी कड लागते. बसची स्वतःची लांबी धरून ही झाली 35 मीटरच्या आसपास. आम्ही 20 सोडली होती. चालकाने बस तिरकी घातली, मागचं टोक रस्त्यात राहिलं आणि दार कडेपासून मीटरभर लांब उघडलं. लो-फ्लोअर बसची पायरी रस्त्यापासून साधारण 400 मिलिमीटर असते. फुटपाथ 150 मिलिमीटरचा असेल तर चढायला 250 उरतात, रस्त्यावरून चढताना पूर्ण 400. गुडघे दुखणाऱ्या आजीला हा फरक फार मोठा असतो. दोष चालकाचा नव्हता, जागाच आखूड होती.

तिसरी रिक्षा, आणि खरा धडा इथेच होता. आम्ही रिक्षा थांबा स्टेशनच्या गेटपासून आत, नजरेआड, मोठ्या मोकळ्या जागेत नेला होता. एक रिक्षावाले काका म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक दिसतंय तितंच रिक्षा उभी ऱ्हाणार. तुमी पट्टा कुठंबी मारा." खरंच होतं. नंबर लावून उभे असलेले आत थांबले आणि फिरत्या रिक्षांनी गेटच्या तोंडाशीच भाडी उचलली. मग नंबरातलेही बाहेर आले.

गाडीची गर्दी कशी येते हेही बघायला हवं. अठरा-वीस डबे, डबा साधारण 24 मीटरचा, म्हणजे गाडीच्या एका टोकापासून दुसरं टोक साडेचारशे मीटर. त्यामुळे लोंढा पाच-सहा मिनिटं ओघळत राहतो आणि मग एकदम शांतता. म्हणून गेटसमोर फक्त पाच रिक्षा ठेवल्या. एकीला साधारण 3.2 मीटर, म्हणजे 16 मीटरची रांग. बाकीच्या मागच्या रांगेत. पुढची सुटली की मागची सरकते. मागच्या रांगेतून पुढची रिक्षा दिसलीच पाहिजे, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही. दुपारच्या गाड्यांना हे चाललं. वडापवाल्यांनाही (सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी गाड्या) याच हिशेबाने वेगळी पाच-सहा मीटर दिली.

बोर्डांची चूक छोटी पण गमतीची. आम्ही मार्ग क्रमांक लिहिले होते. विचारणारा प्रत्येक जण मात्र "जोतिबाची गाडी कुठं लागते?" किंवा "वाडीला कुठनं?" असंच विचारत होता. काही गाड्या रंकाळा आणि संभाजीनगर स्टँडवरून सुटतात, तिथं जायची केएमटी कुठे लागते हेही लिहावं लागतं. बोर्डावर ठिकाण, बाण आणि चालण्याची मिनिटं. मिनिटं मोजताना सेकंदाला 1.2 मीटर हा मोकळ्या हाताने चालणाऱ्याचा वेग धरू नये, सामानासकट 0.8 धरावा. 400 मीटरला साडेपाचऐवजी आठ मिनिटं लागतात, आणि त्यावरच बस सुटते की चुकते हे ठरतं.

भाड्याच्या ई-स्कूटरसाठी मीटर बाय दोन मीटरचे आठ चौकोन आखले होते. सादरीकरणात सगळ्यात आधी हेच दाखवतात. दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरलेलं कुटुंब स्कूटर घेत नाही, त्यामुळे चौकोन चार केले आणि गेटपासून दूर सरकवले. सुटलेली जागा बसच्या कडेला मिळाली.

संध्याकाळपर्यंत बाकीचं जागेवर बसलं होतं. उरला तो वाटेवरचा विजेचा डीपी (वीज वाटपाची पेटी). तो हलला नाही, तर 1.8 मीटरची वाट तिथे 1.1 मीटर उरते आणि चाकाची बॅग ओढणारा माणूस पुन्हा रस्त्यावर उतरतो.