त्याला कळत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून

कळतं. जिन्यात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत तुम्ही विचारता, तुमच्या एवढ्या मोठ्या पोराला चांगलं-वाईट कळत नाही का? त्याला कळतं. मारणं वाईट, चोरी वाईट, हे तो तुमच्या मुलांइतकंच नीट सांगतो. त्याची मोठी बहीण याच घरात वाढली आहे, तेव्हा संस्कारांचं मला कोणी सांगू नका.

त्या संक्रांतीबद्दल तुम्ही इकडून-तिकडून ऐकलं आहे, आता माझ्याकडून ऐका. नागपुरात, महाल भागातल्या आमच्या गच्चीवर शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या मुलाची चक्री धरून उभा होता. पेच लागला, त्या पोरानं वेळेवर ढील सोडली नाही, पतंग कटला. पलीकडच्या गच्चीवरून ‘ओ पार’चा जल्लोष झाला. माझ्या मुलानं मांजा त्या पोराच्या तळहाताभोवती गुंडाळला आणि ओढला. नायलॉनचा मांजा. बंदी असलेला तो मांजा आमच्या घरात कुठून आला, हे मला आजही माहीत नाही. किंकाळी ऐकून मी वर धावले, तेव्हा पोराच्या कोपरापर्यंत रक्त आलं होतं आणि माझा मुलगा दुसरा पतंग बांधत होता.

रात्री त्याला समोर बसवलं.

“ते चूक होतं?”

“हो.”

“मग काहून केलं?”

“त्यानं ढील नाही दिली.”

“त्याला किती दुखलं असेल?”

तो खरंच विचार करायला लागला. मग म्हणाला, “खूप. टाके पडले ना.”

टाक्यांवरून त्यानं दुखणं ताडलं. ते पोरगं हातभर अंतरावर रडत होतं, त्याच्या चेहऱ्यावरून नाही. त्या रात्री वडिलांनी त्याला पट्ट्यानं मारलं, मी अडवलं नाही. तो रडलाही नाही.

धंतोलीतल्या डॉक्टरांकडे मी मेंदूच्या एमआरआयचा हट्ट धरला. मला फोटो हवा होता, जिन्यात दाखवायला. त्यांनी साफ नाही म्हटलं. या मुलांच्या मेंदूचे अभ्यास झालेत, पण ते गटांच्या सरासरीचे आहेत, एकट्या पोराच्या चित्रावरून निदान होत नाही. मग त्यांनी जे समजावलं, त्यानंतर मी हाताला लागेल ते वाचत गेले. वर्तनाची गंभीर समस्या असलेल्या काही मुलांमध्ये दुसऱ्याच्या दुःखाचं आणि अपराधाचं वाटणंच कमी असतं. 2013 पासून अमेरिकी मनोविकार निदानपुस्तकात त्याची वेगळी नोंद आहे. 2008 च्या एका अभ्यासात अशा मुलांना घाबरलेले चेहरे दाखवले, तेव्हा त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भीतीसारख्या भावनांशी जोडलेला भाग इतरांपेक्षा कमी सक्रिय झाला. 2011 च्या अभ्यासात अशा मुलांना कायद्यात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या कृत्यांचा निवाडा करायला लावला, तेव्हा अमिग्डाला आणि कपाळामागचा, डोळ्यांच्या वरचा भाग यांच्यातला ताळमेळ कमी दिसला. मी यातून इतकंच घेतलं, की वाईट काय ते ठाऊक असतं, पण ऐन वेळी ते आतून टोचत नाही. सगळी आडदांड पोरं अशी नसतात. बऱ्याच जणांचं उलट असतं, जरा काही झालं की भीतीनं, रागानं ती पेटतात. तुम्ही दोघांनाही एकाच काठीनं हाणता.

मारानं आमचा मुलगा बदलला नाही. शिक्षेचा परिणाम अशा मुलांवर कमी होतो, कौतुकाचा आणि बक्षिसाचा जास्त, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आम्ही चांगलं वागलं की लगेच, त्याच क्षणी कौतुक करतो. त्यावरही तुम्ही म्हणता, गुन्ह्याचं बक्षीस देऊन राहिले. थोडा फरक पडलाय. किती टिकेल, सांगता येत नाही.

तो फोटो मिळाला असता तर मी काय केलं असतं, हा माझा माझ्याशीच वाद आहे. तेव्हाची मी म्हणते, दोष मेंदूचा, पोराचा नाही. आताची मी विचारते, मग मांजा ओढणारा हात कोणाचा होता? तेव्हाची मी विचारते, मग आईनं करायचं काय? याच्यापुढे माझी गाडी जात नाही.

येत्या वर्षी तो 16 पूर्ण करेल. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 16 ते 18 वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप आला, तर त्याची मानसिक क्षमता काय, परिणाम समजण्याइतकी कुवत होती का, हे बाल न्याय मंडळ आधी तपासतं. त्यावरून त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हे ठरू शकतं. त्यात मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते. तसं काही घडू नये म्हणून आमची सगळी धडपड आहे. पण घडलंच आणि तिथे कोणी विचारलं, कळत होतं का, तर माझा मुलगा ‘हो’ म्हणेल, आणि ते खरं असेल. त्या एका ‘हो’वर त्याला मोठा ठरवू नये, असं मला वाटतं. ज्या पोराच्या तळहातावर टाके पडले, त्याच्या आईला उलट वाटेल. तिचं चूक आहे, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?