समुद्र न दिसणारी किनाऱ्याची रेल्वे

अनंत चतुर्दशी होऊन चाकरमान्यांची गर्दी ओसरली, तेव्हा आई आणि मी दिवा–सावंतवाडी पॅसेंजरने कुडाळपर्यंत गेलो. वंदे भारत आहे, मांडवी आहे, मग दिवसभर थांबत थांबत जाणारी गाडी कशाला, असे घरात सगळ्यांनी विचारले. कोकण नीट पाहायचे असेल तर तो दिवसा, उघड्या खिडकीतून आणि प्रत्येक स्टेशनावर थांबूनच पाहिला पाहिजे, असे माझे मत आहे आणि या प्रवासाने ते अधिक पक्के झाले.

कोकण रेल्वेने पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा खिडकीत बसून समुद्र शोधत राहतो, आणि निदान महाराष्ट्रात तरी त्याला तो सापडत नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या किनाऱ्याजवळ येईपर्यंत रुंद खाड्या झालेल्या असतात. तिथे एकामागून एक लांब पूल बांधण्यापेक्षा रूळ आतल्या अंगाने, नद्या अजून अरुंद असतात तिथून नेणे शहाणपणाचे होते. पण आत सरकावे तर सह्याद्रीचे फाटे पश्चिमेकडे पसरलेले आहेत, म्हणून मग डोंगर फोडावे लागले. नदी, डोंगर, पुन्हा नदी, पुन्हा डोंगर, अशा या आडव्या घड्या ओलांडत रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग जातो. त्यावर ९० हून अधिक बोगदे आहेत. १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधी अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्या माणसांनी कित्येक वर्षे या रेल्वेचा ध्यास घेतला होता, हे कोकणातल्या जुन्या माणसांना आजही विसरता येत नाही.

तेव्हा समुद्र नव्हे, नद्या पाहायच्या, असे ठरवूनच मी बसले होते. वीरजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे पाणी वाशिष्ठीत येते, म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहती असते. जुलै २०२१ मध्ये याच नदीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले होते. त्या दिवशी मात्र ती दोन्ही काठांच्या हिरव्या रानातून शांतपणे जात होती. संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी भेटतात. पूल आला की आई वर्तमानपत्र बाजूला ठेवून नदीला नमस्कार करत असे आणि पूल संपला की पुन्हा वाचू लागत असे.

खिडकी कुठली धरावी, हे मला अनेकजण विचारतात. दक्षिणेकडे जाताना सह्याद्री डावीकडे असतो. सकाळी त्या बाजूने ऊन येते, म्हणून दुपारपर्यंत उजवीकडे बसावे आणि रत्नागिरीनंतर, गर्दी कमी झालेली असते तेव्हा, डावीकडे यावे. पावसाळ्यात आणि पाऊस सरता सरता गेलात तर उक्षीच्या आसपास जागे राहा, कारण रानपाटचा धबधबा तिथे रुळाच्या अगदी जवळ कोसळतो.

उक्षी गेले की करबुड्याचा बोगदा येतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा या मार्गावरचा सर्वांत मोठा. गाडी आत शिरताच कानांत दडे बसतात, बोलणे थांबते आणि खिडकीतून गार, ओलसर, दगडाचा वास असलेला वारा अंगावर येतो. डब्यातल्या दिव्यांचा उजेड भिंतीवरून धावत असतो आणि त्यात खडकातून पाझरणारे पाणी क्षणभर चमकून जाते. पूर्वी इथे इंजिनाचा धूर डब्यात येऊ नये म्हणून लोक भराभर खिडक्या लावून घेत. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले आणि आता विजेच्या गाडीत खिडकी उघडी ठेवून बसता येते, हा मला मोठाच लाभ वाटतो. बाहेर पडल्यावर सगळा डबा एकदम हिरवा झाला, असेच वाटले.

रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल लागतो. ६४ मीटर उंचीचा आणि ४२४ मीटर लांबीचा हा पूल बांधताना त्याचा वरचा भाग एका टोकाला घडवत घडवत खांबांवरून पुढे ढकलत नेला होता. गाडीत बसलेल्या माणसाला पूल दिसत नाही. आतापर्यंत खिडकीला घासून जाणारी झाडे अचानक खाली खाली उतरतात आणि आपण त्यांच्या शेंड्यांकडे वरून पाहतो आहोत, एवढेच कळते.

रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१ मध्ये झाला, पण त्यापुढे बरीच वाट एकेरीच आहे, त्यामुळे क्रॉसिंगसाठी पॅसेंजर बाजूला उभी राहते. त्यात पावसाळी वेळापत्रक चालू असल्याने गाड्यांचा वेगही कमी ठेवलेला असतो. कापलेल्या डोंगरांवर लोखंडी जाळ्या ताणलेल्या असतात आणि या दिवसांत रुळांवरून गस्त घालणारी माणसे रात्रंदिवस चालत असतात. ती ऊन-पावसात चालतात म्हणून आपण निर्धास्तपणे झोपतो, याची आठवण ठेवावी असे मला मनापासून वाटते.

विलवड्याच्या आसपास अशाच एका थांब्यावर आम्ही अर्धा तास होतो. समोर जांभ्याची तांबडी भिंत, तिच्या भेगाभेगांत नेचे आणि तेरड्याची फुले. खाली भातशेतीत लोंब्या वाकू लागल्या होत्या. एक बाई टोपली घेऊन डब्यात चढल्या. त्यांच्याकडे चिबूड होते, पिवळेधमक आणि पिकून तडकलेले. त्या वासाने सगळा डबा भरून गेला. आईने एक घेतले, डब्यातल्या भाकरीबरोबर ठेवलेला गूळ काढला, आणि समोरच्या बाकावरच्या दोन मुलांनाही फोडी दिल्या. मुंबईत चिबूड सहसा मिळत नाही, आणि मिळाले तरी हा वास त्याला नसतो.

खाता खाता आई लहानपणच्या बोटीबद्दल बोलू लागली. तेव्हा गावी जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने निघायचे. मालवणला बोट बाहेर समुद्रात उभी राही आणि माणसांना होडीत उतरवून किनाऱ्याला आणत. पावसाळ्यात बोटी बंद, मग एसटीशिवाय उपाय नसे. “भाद्रपदात माहेरी येणं म्हणजे पाठीचे हाल होते गं,” ती म्हणाली. राजापूर रोड, वैभववाडी रोड अशी ‘रोड’ लागलेली स्टेशने गेली. नावात ‘रोड’ असले की गाव दूर आहे असे समजावे आणि पुढच्या वाहनाची सोय आधी करून ठेवावी. कणकवली सोडल्यावर गड नदीचा पूल आला, आईने हात जोडले.

कुडाळला उतरून एसटीने मालवणला पोहोचेपर्यंत अंधार झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्जेकोटला गेलो. पलीकडे तळाशीलची वाळूची लांब जीभ होती आणि मधून गढूळ, तांबूस पाणी समुद्रात शिरत होते. लाटा त्याला आत ढकलत होत्या आणि ते पुन्हा पुढे येत होते. “हीच गड,” आई म्हणाली, “काल पुलावरून दाखवली ती.” मग चपला काढून, लुगड्याचे काठ वर धरून, ती घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली.