मग वॉल्ट्झ बाजूला ठेवून कौटिल्य शिकवायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न मला सारखा येतो. आंतरराष्ट्रीय संबंधांची थिअरी युरोपकेंद्री आहे असं म्हटलं की समोरून ठरलेलं असतं, बरं, मग करायचं काय, मॉर्गेंथाऊ आणि वॉल्ट्झ (देश सत्ता आणि सुरक्षिततेच्या हिशोबानेच वागतात असं मांडणारे अमेरिकेतले 'रिअ‍ॅलिस्ट' अभ्यासक) काढून कौटिल्य लावायचा का सिलॅबसला?

नाही हो. कौटिल्य जरूर शिकवा, पण शेवटच्या आठवड्यात 'पाश्चात्त्येतर विचार' असं एक लेक्चर घेऊन त्याची बोळवण करणार असाल तर राहू दे. वर त्याला सत्तेच्या राजकारणावर लिहिणाऱ्या इटालियन विचारवंताच्या नावाने 'भारताचा मॅकियाव्हेली' म्हणायचं, म्हणजे जो माणूस हजारहून जास्त वर्षं आधीचा, त्याची ओळख नंतरच्याच्या नावाने! असो.

माझं म्हणणं एवढंच की नावं वाढवण्याआधी उदाहरणं बदला. खरी गोची तिथे आहे. थिअरी युरोपच्या इतिहासातून काढली आणि ती बरोबर आहे का हे तपासायलाही पुन्हा तोच इतिहास घेतला, मग ती बरोबरच येणार ना.

१८१५ ते १९१४ बघा. पुस्तकांत हे शतक मोठ्या सत्तांमधल्या शांततेचं आणि सत्तासंतुलनाचं म्हणून येतं. त्याच शतकात अफूची युद्धं झाली, १८५७ झालं, १८८४-८५ ला बर्लिनमध्ये बसून युरोपच्या सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले आणि त्या टेबलावर एकही आफ्रिकन नव्हता. आता कोणी म्हणेल की हा वसाहतींचा इतिहास, तो वेगळा विषय. मला ते पटत नाही, कारण आपसात भांडण्याऐवजी बाहेर जमीन वाटून घेता येत होती हेही त्या शांततेचं एक कारण असू शकतं, आणि ते तपासायचं तर दोन्ही गोष्टी एकाच धड्यात लागतात.

१६४८ मध्ये जर्मनीतल्या वेस्टफालियात झालेल्या तहांचं पण तसंच. सार्वभौम राज्यांची व्यवस्था तिथून सुरू झाली हे आपण पाठ करतो, प्रत्यक्षात ते तह बरेचसे पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मुख्यतः जर्मन संस्थानांच्या, आतल्या कारभाराचे आणि धर्माच्या भांडणाचे होते. आणि त्या काळात डच ईस्ट इंडिया कंपनी, १६०२ ची, आशियात स्वतः तह करत होती, लढाया करत होती, किल्ले बांधत होती. मग खेळाडू फक्त राज्यंच हे गृहीतक कुठून आलं?

सार्वभौमत्व शिकवायचं तर मी फ्रान्सची कॅरिबियनमधली वसाहत असलेल्या हैतीपासून सुरू करेन. गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि १८२५ ला फ्रान्सने युद्धनौका पाठवून सांगितलं की मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक भरा, मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली त्याची भरपाई म्हणून, आणि त्या मालमत्तेत माणसंही आली. पुढे रक्कम कमी केली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचे हप्ते विसाव्या शतकातही चालू होते. सार्वभौमत्व कोणाला फुकट मिळतं आणि कोणाला विकत घ्यावं लागतं, हे यावरून जितकं कळतं तितकं वेस्टफालियावरून नाही कळत.

वॉल्ट्झने १९७९ च्या पुस्तकात म्हटलंय की मलेशिया आणि कोस्टा रिकावरून आंतरराष्ट्रीय राजकारणाची थिअरी बांधणं हास्यास्पद ठरेल. त्याचा मुद्दा समजतो, मोठे देश खेळ ठरवतात. पण कोस्टा रिकाने १९४० च्या दशकाच्या शेवटी सैन्यच मोडीत काढलं आणि तो देश आजही आहे. रिअ‍ॅलिस्ट लगेच म्हणतील की अमेरिकेची सावली होती, ठीक आहे, असेल, पण मग ती सावली कशी चालते हे थिअरीत यायला नको? सगळेच देश स्वतःच्या बळावर जगतात म्हणायचं आणि जे तसे जगत नाहीत ते लहान म्हणून सोडून द्यायचे, हे मला जरा सोयीचं वाटतं.

१९१९ तर सोडवतच नाही. त्या वर्षी वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला या विषयाचं अध्यासन सुरू झालं, जे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्याच वर्षी पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) करारात वांशिक समानतेचं कलम मागितलं, १७ पैकी ११ मतं बाजूने पडली आणि बैठकीचा अध्यक्ष असलेल्या विल्सनने एकमत नाही म्हणून ते बाद केलं. आणि आज 'फॉरेन अफेअर्स' नावाने जे द्वैमासिक आहे त्यात १९२२ ला विलीन झालेलं नियतकालिक १९१० मध्ये 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट' म्हणून सुरू झालं होतं. विषयाच्या जन्मकुंडलीतच वंश आहे, तरी थिअरीच्या पुस्तकांत तो शब्द शोधावा लागतो.

उलट बाजूही आहे, युरोपबाहेरच्यांनी फक्त तक्रारीच केल्या असं नाही. राज्य म्हणजे काय, तर लोकसंख्या, भूभाग, सरकार आणि परराष्ट्र संबंध ठेवण्याची क्षमता, ही सगळीकडे वापरली जाणारी व्याख्या १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराची, म्हणजे अमेरिका खंडातल्या देशांची, आणि त्यात बहुतेक लॅटिन अमेरिकन.

आता चिनी स्कूलबद्दल, म्हणजे चिनी अभ्यासकांच्या स्वतःच्या थिअरीबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. 'तिआनशिया'ची, म्हणजे 'आकाशाखालचं सगळं जग एक' ही मांडणी आणि चीनभोवतीची जुनी श्रेणीबद्ध व्यवस्था कशी तुलनेने शांत होती, हे मी आवडीने वाचतो. पण केंद्र पॅरिसहून बीजिंगला हलवलं तरी ते केंद्रच. मिंग साम्राज्याने १४०७ मध्ये व्हिएतनाम जिंकून सुमारे २० वर्षं ताब्यात ठेवला होता, तेव्हा ती व्यवस्था किती शांत होती हे व्हिएतनामच्या बाजूनेही वाचायला हवं, जसं बर्लिन आफ्रिकेच्या बाजूने.