मॅडम, एकदा सीआरपी करूनच टाकूया का?

पोरगं तापलं की दुसऱ्या दिवशी सीआरपी नावाच्या रक्ततपासणीचा हा प्रश्न येतोच. ओपीडीत येतो, व्हॉट्सअपवर येतो, लग्नात जेवायला बसलं की शेजारच्या खुर्चीवरून पण येतो. "व्हायरल आहे की बॅक्टेरियल ते रक्तातून कळतं ना, मग करूनच टाकू, उगाच डोक्याला ताप नको." दर वेळी मी घाईत अर्धंमुर्धं काहीतरी सांगते, म्हणून आता एकदा सविस्तर लिहिते, थोडं लांबेल.

कळतं, पण हो किंवा नाही असं कळत नाही. शक्यता किती वाढली किंवा कमी झाली एवढंच कळतं, आणि तेही टेस्ट कधी केली त्यावर.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, आपल्या लिव्हरमध्ये बनणारं एक प्रोटीन. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं, न्यूमोकॉकस जंतूच्या एका घटकाशी ते चिकटायचं आणि पेशंट बरा झाला की रक्तातून गायब व्हायचं. म्हणजे जंतू शोधायची टेस्ट ही नाहीच, शरीराने किती जोरात प्रतिक्रिया दिली ते सांगणारी टेस्ट आहे. ही प्रतिक्रिया बॅक्टेरियाला सहसा जास्त येते, व्हायरसला सहसा कमी. त्या "सहसा"मध्येच माझी अर्धी प्रॅक्टिस जाते.

आता वेळेचं बघा. इन्फेक्शन सुरू झाल्यावर सीआरपी वाढायलाच सहा ते बारा तास लागतात, आणि पूर्ण चढायला दीड-दोन दिवस. आणि होतं काय की रात्री आठला अंग गरम लागलं, सकाळी आठला लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला, अकराला रिपोर्ट आला सीआरपी 6, घरात सगळे खूश, व्हायरलच आहे म्हणे. अहो पण बॅक्टेरियल असतं तरी त्या वेळेला 6 येऊ शकलं असतं! पहिल्या बारा तासांत केलेला नॉर्मल रिपोर्ट मी जवळजवळ धरतच नाही, आणि त्याच्या भरवशावर दोन दिवस घरी थांबणं तर टेस्ट न करण्यापेक्षा वाईट.

बरं मग आकडा किती आला की घाबरायचं? 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तापाच्या मुलांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात साधारण असं निघालं की सीआरपी 20 (मिलिग्रॅम पर लिटर, इथले सीआरपीचे सगळे आकडे त्यातच) च्या खाली गंभीर इन्फेक्शनची शक्यता बरीच कमी होते आणि 80 च्या वर बरीच वाढते. मधलं सगळं धूसर, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक रिपोर्ट नेमके त्या मधल्या पट्ट्यातलेच असतात, 35, 48, 52. लॅब मात्र पाचच्या किंवा दहाच्या वर काहीही असलं की ठळक अक्षरात छापते, त्यामुळे 14 आलेल्या बाळाची आजी रडवेली होऊन येते आणि बाळ तिच्या मांडीवर बिस्किट खात असतं. अशा बाळाला अँटिबायोटिक द्यायचं माझ्याकडे काहीच कारण नसतं.

त्याच आढाव्यात अजून एक गोष्ट होती, निव्वळ पांढऱ्या पेशींच्या आकड्यावरून गंभीर आजार नाही असं म्हणता येत नाही. पूर्वी अमेरिकेत तीन वर्षांच्या आतलं मूल 39 अंश सेल्सिअसच्या वर तापलं आणि पेशी 15,000 च्या वर गेल्या की अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचे, पण तो न्यूमोकॉकलची लस येण्याआधीचा काळ, तेव्हा अशा मुलांच्या रक्तात खरंच जंतू सापडायचे. आपल्याकडे न्यूमोकॉकलची लस सरकारी कार्यक्रमात देशभर 2021 ला आली. म्हणून मी रिपोर्टच्या आधी लसीचं कार्ड मागते, तेव्हा काही जण चिडतात की ताप आलाय आणि ह्या कार्ड काय बघत बसल्यात.

फसवणारे आजार पण भरपूर. ॲडिनोव्हायरस हा साधा व्हायरस, पण सीआरपी असं चढवतो की बॅक्टेरियल वाटावं. पावसाळ्यात मलेरियामध्ये पण भरपूर वाढतं, आणि मलेरियाला घशाच्या अँटिबायोटिकचा काय उपयोग. कावासाकी या लहान मुलांच्या रक्तवाहिन्या सुजवणाऱ्या आजारात जंतूच सापडत नाही तरी सीआरपी खूप वर जातं. उलट टायफॉइडमध्ये पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा कमीच दिसतात, त्यामुळे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघून "व्हायरल" म्हणून सोडून दिलेला टायफॉइड आठवड्याने परत येतो. तिथे खरी टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी घ्यायला हवं.

आणि लघवी! लहान मुलांत, त्यातही मुलींमध्ये, सर्दी नाही खोकला नाही नुसताच ताप असेल तर लघवीचं इन्फेक्शन हे फार कॉमन कारण. त्यासाठी सुई पण टोचावी लागत नाही, पण हजार रुपयांचं फीवर पॅकेज करून आलेल्या फाइलमध्ये नेमकी लघवीचीच तपासणी नसते, कारण बाळाची लघवी धरणं हे कटकटीचं काम, खरं आहे ते.

प्रोकॅल्सिटोनिन या दुसऱ्या रक्ततपासणीबद्दल पण हल्ली विचारतात, गूगल करून येतात. एरवी हे थायरॉइडमध्ये बनतं, पण बॅक्टेरियल इन्फेक्शन जोरात असलं की शरीरभरच्या पेशी ते बनवायला लागतात, आणि व्हायरल असेल तर इंटरफेरॉनमुळे (व्हायरसशी लढताना शरीर सोडतं ते प्रोटीन) ते दाबलं जातं. बॅक्टेरियल इन्फेक्शनमध्ये ते वाढतं हे 1993 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी मुलांमध्येच पहिल्यांदा नीट दाखवलं. सीआरपीपेक्षा लवकर वाढतं, चार-सहा तासांत, म्हणून ताप नवा असताना जास्त कामाचं, पण महाग आहे, आणि मलेरियात ते पण चढतं. जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत तर काही नसताना आपोआप वाढलेलं असतं. मी ते मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी ठेवते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2021 ची गाइडलाइन आहे, आठ ते साठ दिवसांच्या, वरून ठीक दिसणाऱ्या पण 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असलेल्या बाळांसाठी, तिथे प्रोकॅल्सिटोनिन 0.5 (नॅनोग्रॅम पर मिलिलिटर) च्या वर किंवा सीआरपी 20 च्या वर म्हणजे गडबड धरतात. पण त्यातही 21 दिवसांपर्यंतच्या बाळाला आकडे कितीही छान येवोत, ॲडमिट करून रक्त, लघवी, पाठीतलं पाणी सगळं तपासायचंच. तेव्हा तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर कृपया मला फोटो पाठवून "सीआरपी करू का" विचारू नका, उचला आणि थेट या, रात्र असेल तर जवळच्या हॉस्पिटलला.

मोठ्या मुलांचं मी काय करते ते सांगते. ताप उतरल्यावर मूल खेळतंय, पाणी पितंय, लघवी होतेय, तर पहिले दोन दिवस रक्त काढतच नाही. (ताप पॅरासिटामॉलने उतरला म्हणजे व्हायरल, हे पण खरं नाही, दोन्हींत उतरतो.) ताप उतरूनही मलूल पडलंय, श्वास जोरात चाललाय, हातपाय गार पडलेत, तर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू. रक्ताची खरी गरज या दोघांच्या मधल्या मुलांना, ज्यांच्याकडे बघून माझं मन ठरत नाही, आणि तिथे पण एका आकड्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचा आकडा जास्त बोलतो. कारण सीआरपीचं प्रमाण नवीन बनणं थांबलं की साधारण 19 तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे औषध लागू पडतंय का ते तिथे दिसतं.

एक शेवटचं. काही लॅब मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही पर डेसिलिटरमध्ये, दोघांत दहापट फरक आहे. तुमचा 4 हा खरा 4 आहे की 40, हे युनिट बघितल्याशिवाय मला सांगता येत नाही, आणि पाठवलेल्या फोटोत नेमका तोच कॉलम कापलेला असतो.