एल्फिनवाडीकर मंडळी

आई अजूनही एल्फिस्टनलाच उतरते. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी होऊन आता बरीच वर्षं झाली. १९ जुलै २०१८ला पाट्या बदलल्या, तिकिटावरचं नाव बदललं, गाडीतली बाईसुद्धा न चुकता ‘पुढील स्टेशन, प्रभादेवी’ म्हणायला लागली. आईची देवीवर श्रद्धा नाही असं कुणी म्हणू नये; पौषातल्या जत्रेला ती दरवर्षी जाते. पण त्या जत्रेला जायचं तर तिला एल्फिस्टनलाच उतरावं लागतं, त्याला कोण काय करणार?

मधला ‘न’ तिने गिळलेला नाही, तो गिरणगावाने शंभर वर्षांपूर्वीच गिळला. आजोबा म्हणायचे ‘यल्फिष्टन’. त्याहून मागे गेलं तर पेशवाईच्या अखेरच्या पुण्यात हेच आडनाव ‘अलपिष्टन’ होतं. ऐकलं की वाटतं, दिवाळीच्या फराळातला एखादा प्रकार असावा.

परवा भाच्याने गाडीत विचारलं, “मावशी, हा एल्फिन्स्टन नक्की होता कोण?” मी तिसऱ्या सीटवर अर्धी टेकलेली, तरी आवाजात पूर्ण आत्मविश्वास आणून सांगितलं, “अरे, ज्याने ते कॉलेज काढलं ना, तोच.” एका वाक्यात दोन चुका. कॉलेज त्याने काढलं नव्हतं, ते लोकांनी त्याच्या स्मरणार्थ काढलं. आणि स्टेशन तर त्याचं नव्हेच, ते त्याच्या पुतण्याचं. घरी येऊन पुस्तकं उघडली तेव्हा हे कळलं, आणि मग त्या आडनावाने मला धरलं ते आठवडाभर सोडलं नाही.

पहिली गंमत आडनावातच आहे. मी आजवर त्याचा शेवट ‘स्टोन’, म्हणजे दगड, असा समजत होते. पण फोड तशी नाही. शेवटचा तुकडा ‘टन’, म्हणजे जुन्या भाषेतला ‘टून’: वस्ती, वाडी. कुणा एल्फिनची किंवा तशाच काही नावाच्या माणसाची वाडी. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला, ईस्ट लोथियनमध्ये, ट्रॅनेंट गावाजवळ या नावाचं छोटं गाव आजही आहे. गावावरून आडनाव! म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने हे सगळे एल्फिनवाडीकर झाले. एवढं लक्षात आल्यावर ते लॉर्ड-बिर्ड एकदम घरातले वाटायला लागले. ‘आमचे एल्फिनवाडीकर’ म्हटलं की माणूस डोक्यावर फेटा न बांधताच ओसरीवर येऊन बसतो.

तर आपल्या ओळखीचे थोरले एल्फिनवाडीकर म्हणजे माउंटस्टुअर्ट. जन्म १७७९चा. बाप अकरावा लॉर्ड, पण हे चौथे चिरंजीव; किताब थोरल्याला जाणार, धाकट्यांनी पोटापाण्याचं बघायचं. सोळा-सतराव्या वर्षी स्वारी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला उतरली. पुढे पुण्यात रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या वकिलाच्या, हाताखाली आली, १८०३ला असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर घोड्यावर होती, मग नागपुरात भोसल्यांच्या दरबारी राहिली, आणि १८११ला पुण्यात स्वतःच रेसिडेंट म्हणून येऊन बसली, मुळा-मुठेच्या संगमावर. तिथून दुसऱ्या बाजीरावाचं काय झालं ते आपण शाळेत वाचलेलं आहे. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली, आणि तिच्यात त्यांची पुस्तकं न् कागदपत्रंही. राज्य मिळालं, ग्रंथसंग्रह गेला. ग्रीक आणि फार्सी वाचत बसणाऱ्या या ब्रह्मचाऱ्याला यातलं कशाचं जास्त लागलं असेल, असं माझ्या मनात उगाच येऊन जातं.

म्हणून त्यांच्यावर प्रेम करावं असं मात्र नाही. शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरला तो याच सद्गृहस्थांच्या कारभारात. पण त्यांच्याविषयीची एक आठवण फार जुनी आहे आणि ती मला सोडवत नाही. एका लष्करी अधिकाऱ्याला त्यांच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांची चळत दिसली. ही कशाला, असं त्याने विचारलं. एतद्देशीयांना शिकवायला, असं उत्तर आलं. आणि जोडीला हेही, की हाच आपला युरोपात परत जाण्याचा राजरस्ता. शिकवलं तर हे लोक एक दिवस आपल्याला घालवतील हे माहीत असून शिकवायचं! १८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. ते निघाले तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, तिच्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. पुढे तिथे बाळशास्त्री जांभेकरांनी आणि दादाभाई नौरोजींनी शिकवलं, कॉलेजात रानडे शिकले, आंबेडकर शिकले. राजरस्ता बांधून घेतला तो असा.

आता पुतण्या. काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात, त्याला इतिहासही आहे. ज्या बाजीरावाला माउंटस्टुअर्टनी गादीवरून उतरवलं, तो राघोबादादांचा मुलगा. आणि राघोबादादा म्हणजे ‘काका, मला वाचवा’मधले काका. एल्फिनवाडीकरांकडे मात्र असलं काही घडलं नाही. पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड. आधी मद्रासचा गव्हर्नर, मग १८५३ ते १८६० मुंबईचा. व्हिक्टोरिया राणी होण्याआधी तिचं मन याच्यावर जडलं होतं आणि म्हणूनच याला घाईघाईने मद्रासला धाडलं, अशी तेव्हा कुजबुज होती. कुजबुजीचं काय खरं मानायचं? पण त्याने लग्न केलं नाही हे खरं. काकाही अविवाहित, पुतण्याही अविवाहित, आणि मुंबईभर मात्र दोघांच्या नावाचा पसारा. टाऊन हॉलसमोरचं ते गोल उद्यान आणि भोवतीच्या कमानी म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन सर्कल; ते पुतण्याचं, आता हॉर्निमन सर्कल. स्टेशनही पुतण्याचं. कॉलेज काकांचं. महाबळेश्वरला एल्फिन्स्टन पॉइंट आहे, तो काकांचा की पुतण्याचा यावर घोडेवाल्याशी वाद घालू नये. तो दोघांच्याही नावाने तितकेच पैसे घेतो.

इथपर्यंत मी भाच्याला सांगण्याजोगं सगळं टिपून घेतलं होतं. मग तिसरे एल्फिनवाडीकर भेटले आणि गंमत थांबली.

हे विल्यम जॉर्ज कीथ, माउंटस्टुअर्टचे सख्खे चुलतभाऊ. वॉटर्लूला ३३व्या पलटणीचे प्रमुख होते, म्हणजे तरुणपणी चांगलेच असणार. पण १८४१ साली त्यांना काबूलमधल्या इंग्रज फौजेवर नेमलं तेव्हा वय साठीला टेकलेलं, गाउटने सांधे धरलेले, घोड्यावर बसणं मुश्किल. ठरवलेलं दुपारी मोडायचं आणि मोडलेलं संध्याकाळी पुन्हा ठरवायचं, अशी ख्याती. ६ जानेवारी १८४२ला भर बर्फात काबूल सोडायचा हुकूम झाला. साडेचार हजार सैनिक, त्यांतले बहुतेक हिंदी शिपाई, आणि बरोबर बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. हा शब्द लिहिताना पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. तीच थंडी, तीच उपासमार, तीच बायकापोरं. फरक इतकाच, की इथे भाऊ लढता लढता दिसेनासे झाले नाहीत. सेनापती बोलणी करायला गेले आणि शत्रूकडे ओलीस राहिले. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन नावाचा एकटा गोरा माणूस दमलेल्या घोड्यावरून जलालाबादच्या तटाशी पोहोचला. मागून काही शिपाई लंगडत, सरपटत आले, त्यांची नावं कुणी टिपली नाहीत. जनरलसाहेब एप्रिलमध्ये कैदेतच गेले.

आता यातलं चमत्कारिक ऐका. ज्या शाह शुजाला काबूलच्या तख्तावर बसवण्यासाठी हा सगळा उपद्व्याप झाला, त्याला माउंटस्टुअर्ट १८०९ सालीच भेटले होते, पेशावरच्या दरबारात. त्याच्या दंडावर तेव्हा कोहिनूर होता. तिथून परतल्यावर त्यांनी काबूलच्या राज्याविषयी जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि स्वतः काबूलला मात्र कधी पोहोचलेच नाहीत! पेशावरात बसून विचारपूस केली, पठाणांच्या टोळ्या, त्यांची भांडणं, त्यांचे मेवे, सगळं टिपलं. तीस वर्षांनी स्वारीची तयारी सुरू झाली तेव्हा इंग्लंडात निवृत्त बसलेल्या या म्हाताऱ्याने कळवलं, की काबूल तुम्ही घ्याल, शुजाला बसवालही. पण त्या गरीब, थंड, अवघड मुलखात त्याला टिकवून ठेवणं मला अशक्य दिसतं. ज्याने काबूल पाहिलं नव्हतं त्याला ते कळलं होतं. जो तिथे राहिला त्याला कळलं तोवर बर्फ पडायला लागलं होतं.

असा प्रकार या आडनावात आधीही एकदा झाला आहे. बिशप विल्यम एल्फिन्स्टन, पंधराव्या शतकातले. त्यांनी १४९५ला ॲबरडीनचं विद्यापीठ स्थापलं, स्कॉटलंडच्या पहिल्या छापखान्यामागेही हेच होते. (शाळा काढायची न् पुस्तकं छापायची ही खोड नावातच असावी.) राजा चौथ्या जेम्सने इंग्लंडशी लढाई काढली तिला त्यांचा विरोध होता. राजाने ऐकलं नाही. ९ सप्टेंबर १५१३ला फ्लॉडनच्या रणात राजा पडला, आणि त्याच्याबरोबर घराण्याचा पहिला लॉर्ड, अलेक्झांडर एल्फिन्स्टन. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मरायचं, ही वाटणी तेव्हापासूनची दिसते.

बाकीच्यांना धावतं भेटू. माउंटस्टुअर्टचे चुलते जॉर्ज कीथ, ॲडमिरल. १८१५ला शरण आलेल्या नेपोलियनला ‘तुम्हाला इंग्लंडात उतरता येणार नाही, सेंट हेलेनाला जायचं आहे’ हे सांगण्याची कामगिरी यांच्याकडे आली. दोनच वर्षांनी यांच्या लेकीने, मार्गारेटने, लग्न केलं ते कुणाशी? नेपोलियनच्या खास सरदाराशी, काउंट फ्लाओशी. बापाच्या नाकावर टिच्चून. या मार्गारेटविषयी मला आणखी वाचायचं आहे.

आणि माझे लाडके, जेम्स. लंडनजवळ शाळा चालवायचे, कोशकार डॉक्टर जॉन्सनचे स्नेही. मार्शल या लॅटिन कवीचं भाषांतर त्यांनी असं केलं की कवी बर्न्सने चार ओळींत त्यांच्यावर मार्शलच्या खुनाचा आळ घेतला. पण त्यांचा खरा ध्यास वेगळाच: इंग्रजी जसं बोलतात तसंच लिहिलं पाहिजे! नुसतं बोलून थांबले नाहीत, अख्खी पुस्तकं स्वतःच्या नव्या स्पेलिंगात छापली. कुणीही ती पद्धत उचलली नाही. स्वतःचं आडनावही ते शेवटच्या ‘ई’शिवाय लिहीत. हे गृहस्थ १८०९ला वारले, नाहीतर त्यांना दादरहून एक स्टेशन पुढे आणलं असतं आणि पाटी दाखवली असती: ना ‘ई’, ना ‘पी’, ना ‘एच’. नुसतं आपलं ‘एल्फिन्स्टन रोड’, ऐकू येतं तसं. आणि आजोबांचं ‘यल्फिष्टन’ तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं.

ती पाटी आता नाही. पादचारी पुलाच्या त्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पावसात चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली, त्यानंतर आई काही दिवस ते नावच घेत नव्हती. नंतर पाट्या बदलल्या. २०२५मध्ये परळला जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूलही वाहतुकीला बंद झाला, पाडायला घेतला. तिकडे ईस्ट लोथियनमधल्या मूळ गावातही एक जुना बुरूजवाडा होता, पाच शतकं उभा. खालच्या कोळशाच्या खाणींनी जमीन खचायला लागली म्हणून १९५०च्या दशकात तोही बहुतेक सगळा उतरवला.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने अर्धं ऐकलं, पण एल्फिनवाडीकर त्याला आवडले. काल त्याचा आणि आईचा फोन चालला होता, ते माझ्या कानावर पडलं.

“आजी, प्रभादेवीला उतरून तुला कुठे भेटू?”

“एल्फिस्टनच्या पुलाखाली उभा राहा.”

“अगं, पूल नाही आता.”

“मग जिथे होता तिथे उभा राहा.”