पणजोबांचा धंदा काय होता?

आमच्या गोव्यातल्या घरात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे वंशवृक्ष मांडताना एकाच नावाची माणसं एकापुढे एक उभी राहिली. कोण कुठला हे ठरवायला धंद्याचाच आधार होता आणि तोच पोर्तुगीजमध्ये, तोही असल्या हुद्द्यांत, जे आता कोणी उच्चारत नाही.

पणजोबा मुलाच्या जन्मनोंदीत ‘प्रोप्रिएतारिउ’, म्हणजे भाटकार, जमीनमालक. हा तसा धंदाच नव्हे. ज्याच्या नावावर जमीन आहे आणि जो कुणाकडे चाकरी करत नाही, त्याच्यापुढे कारकून हेच लिहून मोकळा व्हायचा. बहुतेकदा तर पुरता शब्दही नाही. ‘प्रोप्र’ आणि वर एक छोटं ‘ओ’. म्हणून मी अर्थ लावायच्या आधी अक्षरं दिसतील तशीच वहीत उतरवून घ्यायला लागले. वरची बारीक अक्षरंसुद्धा.

खरा पेच एका करारपत्रात आला. तिथे त्याच नावापुढे ‘रेंदेइरु’. घरात कुजबुज सुरू झाली, कारण आपल्याकडे रेंदेर म्हणजे माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा. काकांना तर ते कागदच नकोसे झाले. (सूर काढण्यात कमीपणा कसला, हे विचारलं तर उत्तर नाही.) शेवटी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या शेजारच्या मास्तरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “बाये, हो माडार चडपी न्हय गो. हो पावणी घेवपी.”

पावणी म्हणजे लिलाव. मग उलगडा झाला. सरकार काही कर आणि मक्ते लिलावाने देत असे. तंबाखूचा मक्ता त्यातलाच. सर्वांत मोठी बोली लावणारा ठरलेली रक्कम भरायचा आणि वसुली स्वतः करायचा. गांवकारीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, शेतंही दर तीन वर्षांनी पावणीला निघत. ती खंडाने घेणाराही रेंदेइरुच. आमचा माणूस यातला कोणता, हे करारपत्रातल्या शेतांच्या नावांनी सांगितलं. तंबाखूचा तिथे उल्लेखही नव्हता.

मास्तरांनीच मोन्सेन्योर दालगाद यांचा 1919 आणि 1921 साली दोन खंडांत निघालेला ग्लोसारिउ, म्हणजे शब्दसंग्रह, दाखवला. आशियातल्या पोर्तुगीजमध्ये रुळलेल्या शब्दांसाठी तो फार उपयोगी. साध्या शब्दकोशात इथला अर्थ सापडेलच असं नाही. ‘साकादोर’ म्हणजे गांवकारीची येणी वसूल करणारा, ‘लींग्वा दु इश्तादु’ म्हणजे सरकारी दुभाषा. शब्दशः घेतलं तर राज्याची जीभ! ‘रेजिदोर’ मात्र कुणाला विचारायची गरज पडली नाही. 1961 पूर्वीचा हा गावचा अंमलदार आमच्या आजीच्या शिव्यांत अजून जिवंत आहे.

पुढचं काम पणजीच्या पुराभिलेखागारात. तिथे पोर्तुगीजबरोबर मोडी कागदही आहेत. मोडी मला येत नाही, वाचून देणारे शोधावे लागले. त्यांतल्या एका कागदात खापरपणजोबा ‘नाडकर्णी’ निघाले, म्हणजे हिशेब ठेवणारे वतनदार. आमचं आडनाव तर वेगळंच.

आता वंशवृक्षात एका माणसाखाली एकच धंदा लिहीत नाही. मिळेल तो प्रत्येक हुद्दा, मूळ स्पेलिंगसकट, कुठल्या कागदात आणि कुठल्या साली ते लिहून ठेवते. काकांनी ‘रेंदेइरु’ खोडायला सांगितलंय. खोडलेलं नाही.