काउबॉयच्या शेजारी गलबत

आमच्या शोकेसमध्ये माझं प्लेमोबिलच्या खेळण्यांचं वेस्टर्न गाव मांडलेलं आहे, म्हणजे जुन्या अमेरिकेतलं काउबॉयचं, सलून (केस कापायचं नव्हे, दारूचा गुत्ता), शेरीफ, दोन घोडे, शाळेच्या बाई, आणि परवा मी त्याच्या शेजारी एक शिडाचं जहाज ठेवलं तर भाचा लगेच, "मामा, इथे समुद्र कुठून आला?"

आता मला जोर चढला. म्हटलं अरे, १८४९ ला कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा सगळे काय घोडागाडीनेच गेले का, कितीतरी लोक दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, आणि मागोमाग खलाशीही पळाले सोनं शोधायला, बंदरात नुसती बेवारस जहाजं. त्यातलं नायँटिक नावाचं तर किनाऱ्याला ओढलं, वर छप्पर टाकलं आणि चक्क गोदाम केलं त्याचं. १८५१ च्या आगीत ते जळालं, खालचा सांगाडा १९७८ ला पाया खणताना सापडला (प्लेमोबिलचं पहिलं चाच्यांचं जहाजही १९७८ चंच, उगाच आपलं).

म्हणजे जहाज चालतं, पण हे नाही चालत. यावर कवटीचा झेंडा आणि तोफा, हे चाचे म्हणजे आपल्या कान्होजी आंग्र्यांच्या काळातले, शेरीफपेक्षा शंभर-दीडशे वर्षं म्हातारे. झेंडा काढला, तोफा काढल्या, तरी चैन पडेना म्हणून कॅल्क्युलेटर घेतला. बाहुला साडेसात सेंटीमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण तेविसावा हिस्सा. आणि त्या काळचं नावाजलेलं क्लिपर (वेगवान शिडाचं जहाज), फ्लाइंग क्लाउड, १८५१ ला न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला ८९ दिवसांत पोचलेलं, त्याची लांबी २२९ फूट. भागिले तेवीस. दहा फूट! म्हणजे टीव्ही, सोफा आणि बहुतेक मी पण घराबाहेर. खेळण्यातली जहाजं अशी आखूड आणि गुबगुबीत का असतात ते तिथे कळलं.

पण एक गोष्ट दुरुस्त करता येण्यासारखी होती. फ्लाइंग क्लाउडचा मार्ग आखायची ती कप्तानाची बायको, एलेनॉर क्रीसी, आणि माझ्या डेकवर बघावं तर सगळे दाढीवाले. मग शाळेच्या बाईंना उचललं, कप्तानाशेजारी उभं केलं, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचं यंत्र) खोक्यात नव्हता म्हणून दुर्बीण दिली हातात.

भाचा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मग आता शाळेला सुट्टी?"